"तीन महिने गेले, तुम्ही पोचलात": डी अँड डीमधला ताऱ्यांचा प्रवास

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना बरं वाटतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखाच लिहून देतोय. मधले "म्हणजे" आणि "काय तर" तेवढे गाळलेत.

गेल्या दिवाळीत सावेडीत, मित्राच्या गच्चीवर आम्ही पाच जण डी अँड डी खेळत होतो. नवीन मंडळींसाठी एवढंच सांगतो, डंजन्स अँड ड्रॅगन्स म्हणजे टेबलाभोवती बसून सगळ्यांनी मिळून रचायची गोष्ट. प्रत्येकाचं एक पात्र असतं, अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. गोष्ट चालवणारा तो डीएम, म्हणजे मी. आठ महिने खपून पोरांनी एकदाचं ताऱ्यांमध्ये उडणारं जहाज मिळवलं. नांगर उचलला, शीड सोडलं, सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत. आणि मी म्हणालो, "तीन महिने गेले. तुम्ही पोचलात."

आमचा विझार्ड म्हणाला, "मग जहाज कशाला घेतलं रे? माळीवाड्यावरून एसटी पकडली असती."

हसलो सगळे, पण नंतरचे दोन शनिवार "काम आहे" म्हणून रद्द झाले. वर विझार्डवाला मित्र जानेवारीत जर्मनीला नोकरीला चाललेला. हातात मोजून पाच-सहा बैठका होत्या. हे सुधारलं नाही तर गोष्ट अर्धीच राहणार, हे मला कळत होतं.

मग मी नियमांची पुस्तकं नीट वाचली. या प्रकारच्या खेळासाठी डी अँड डीत स्पेलजॅमर नावाचं जग आहे, पहिल्यांदा १९८९ मध्ये आलं आणि २०२२ मध्ये नव्यानं. त्यातलं जहाज दिवसाला १० कोटी मैल, म्हणजे साधारण १६ कोटी किलोमीटर जातं. पृथ्वी ते सूर्य १५ कोटी किलोमीटर, तेव्हा सूर्य एका दिवसाच्या आत. भारी वाटतं ना? आता सगळ्यात जवळचा दुसरा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी घ्या. ४.२४ प्रकाशवर्षं, म्हणजे जवळपास ४० लाख कोटी किलोमीटर. भागाकार केला तर अडीच लाख दिवस, साधारण ६८० वर्षं! १२९० मध्ये ज्ञानेश्वरी पूर्ण झाली त्या दिवशी आपल्या नेवाशातून हे जहाज सुटलं असतं, तर १९७२ च्या सुमाराला पोचलं असतं. आजी म्हणाली असती, नेमका दुष्काळातच आलास होय.

खेळ लिहिणाऱ्यांनी यातून पळवाट काढली. १९८९ च्या पुस्तकात प्रत्येक सूर्यमालेभोवती एक प्रचंड स्फटिकाचं कवच आहे, आणि कवचांच्या मधे फ्लॉजिस्टन नावाचा रंगीत, भडका उडणारा पदार्थ. २०२२ मध्ये तो काढून ॲस्ट्रल समुद्र आणला. मला जुनंच आवडतं. कारण फ्लॉजिस्टनमध्ये साधी ठिणगी पडली तरी स्फोट. आमच्या विझार्डची सगळी मिजास फायरबॉलवर! नवी जागा आली आणि त्याचं हुकमी पान गेलं. चूलसुद्धा पेटवायची नाही. नुसतं "बाहेर जांभळं आकाश दिसतंय" असं वर्णन करून जे झालं नसतं, ते या एका नियमानं झालं.

दुसरी गोष्ट मला घराजवळ सापडली. त्र्यंबकेश्वरहून निघणारी निवृत्तिनाथांची पालखी नगरवरून पंढरपूरला जाते, लहानपणापासून बघतोय. त्या प्रवासात कंटाळलेला माणूस मला दिसलेला नाही. कुणाच्या गळ्यात वीणा, कुणाच्या डोक्यावर तुळस, कुणी झेंडा धरलेला, स्वयंपाकाचं सामान घेऊन ट्रक पुढच्या मुक्कामाला गेलेला. प्रत्येकाला काम आणि रोज एक मुक्काम. मी जहाजावर तेच केलं. सुकाणू, शिधा, पहारा, जखमी, अशी कामं वाटली आणि पूर्ण प्रवासाचे फक्त पाच मुक्काम ठरवले. प्रत्येक मुक्कामाला एकच निर्णय. रोज फासा टाकून एक राक्षस सोडायचा, हा प्रकार बंद. त्यानं वेळ जातो, प्रवास होत नाही.

पहिल्याच मुक्कामाला हवेचा प्रश्न आणला. स्पेलजॅमरमध्ये जहाज आपल्याभोवती हवेचं वेष्टण घेऊन फिरतं. क्षमतेइतकी माणसं असतील तर ती १२० दिवस ताजी राहते, पुढचे १२० दिवस खराब, मग मरण. आमचं जहाज २० जणांचं, जहाज भरलेलं, प्रवास १०० दिवसांचा. सुटल्यावर दुसऱ्याच दिवशी एक फुटलेलं जहाज दिसलं, त्यावर दहा जण जिवंत. घेतले तर ३० माणसं, म्हणजे माझ्या हिशेबानं ताजी हवा ८० दिवस. शेवटचे वीस दिवस खराब हवेत, आणि खराब हवेत प्रत्येक हल्ल्याला दोन फासे टाकून लहान आकडा घ्यायचा. पाऊण तास भांडले पोरं. कुणी मोबाईलला हात लावला नाही. शेवटी घेतले दहाही.

तिसरी कल्पना व्हॉयेजर १ वरून सुचली. ५ सप्टेंबर १९७७ ला ते यान सुटलं, त्यातल्या सोनेरी तबकडीवर गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. यान सुटल्यावर अकराच दिवसांनी त्या गेल्या. आता तिथून संदेश यायला २३ तासांहून जास्त लागतात. हा उशीर मला टेबलावर हवा होता. पण डी अँड डीत सेंडिंग नावाचा मंत्र आहे, २५ शब्दांचा निरोप, दुसऱ्या जगातही लगेच पोचतो. तो मी फ्लॉजिस्टनमध्ये बंद केला. त्याऐवजी प्रत्येकानं घरी कागदावर पत्र लिहायचं, उत्तर पुढच्या शनिवारी मिळणार. तेही आधीच शिळं झालेलं.

विझार्डनं आईला चार ओळी लिहिल्या, मस्करीतच. पुढच्या शनिवारी मी तिचं उत्तर दिलं: अंगणातली विहीर आटली, तू पाठवलेले पैसे मिळाले, कधी येतोस ते लिहिलं नाहीस. त्यानं दोनदा वाचलं. मग घडी घालून पाकिटात ठेवलं आणि म्हणाला, "चल, फासा दे."

तो आता म्युनिकमध्ये आहे. शनिवारी आमची रात्र होते तेव्हा त्याची संध्याकाळ असते, व्हिडिओ कॉलवर बसतो. जहाजावर ८९ वा दिवस चालू आहे, हवा खराब झालीये, आणि वाचवलेल्या दहांपैकी एक जण चोरून चूल पेटवतोय असा पहारेकऱ्याला संशय आहे.