संगणकाची कार्यक्षमता कशी मोजावी?

भारतातील रेल्वे स्थानकांच्या पिवळ्या फलकावर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. अशी उंची ठरविताना सर्वेक्षक एका स्थिर खुणेपासून मोजणीस आरंभ करतो. दगडात कोरलेल्या या खुणेस 'बेंचमार्क' असे म्हणतात. भारतीय सर्वेक्षण विभागाने अशा खुणा देशभर कोरून ठेवल्या आहेत. खूण जागची हलत नाही, म्हणूनच तिच्यावरून केलेली मोजणी विश्वासास पात्र ठरते.

संगणकाची कार्यक्षमता मोजण्यासाठी जी ठराविक आज्ञावली चालवितात, तिलाही 'बेंचमार्क' हेच नाव मिळाले आहे. नाव एक असले तरी दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. दगडावरील खूण आपोआप स्थिर राहते. संगणकाच्या चाचणीतील स्थिरता मात्र परीक्षकाला प्रयत्नपूर्वक निर्माण करावी लागते. एकच काम, एकाच संगणकाकडून, लागोपाठ दोनदा करवून घेतले तरी दोन्ही वेळा सारखाच वेळ लागेल असे नाही. शाळेसाठी किंवा ग्रंथालयासाठी संगणक निवडावयाचे असतात, तेव्हा मर्यादित निधी कोठे खर्च व्हावा हे पुष्कळदा अशाच आकड्यांवरून ठरते. तेव्हा हे आकडे कसे निर्माण होतात आणि त्यांवर कितपत विसंबावे, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

मानदंडांचा इतिहास

ब्रिटनमध्ये हॅरल्ड कर्नो व ब्रायन विचमन यांनी 'व्हेटस्टोन' नावाच्या चाचणीविषयीचा लेख १९७६ साली प्रसिद्ध केला. हे नाव लेस्टरशायरमधील व्हेटस्टोन या गावाशी निगडित असलेल्या एका अल्गोल कंपायलरवरून आले. (मनुष्याने लिहिलेल्या आज्ञावलीचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या साधनास कंपायलर म्हणतात.) व्हेटस्टोनमध्ये दशांश संख्यांच्या गणितावर भर होता. पुढे १९८४ साली रेनहोल्ड वायकर यांनी पूर्णांक व अक्षरमाला यांच्या हाताळणीसाठी दुसरी चाचणी रचली आणि तिचे नाव 'ड्रायस्टोन' असे ठेवले. 'व्हेट' या उच्चारातून इंग्रजीत 'ओला' असा अर्थ ध्वनित होतो, म्हणून नव्या चाचणीस 'कोरडा' हे विशेषण लाभले. शास्त्रज्ञांच्या विनोदाचा हा एक नमुना होय.

या छोट्या चाचण्यांतील उणीव लवकरच दिसून आली. ज्या गणिताचे उत्तर पुढे कोठेच वापरले जात नाही, ते गणित चतुर कंपायलर गाळूनच टाकी. परिणामी यंत्राने न केलेल्या कामाचेही श्रेय त्यास मिळे. यावर उपाय म्हणून प्रत्यक्ष वापरातील आज्ञावलींवरून यंत्रे पारखावीत, या हेतूने १९८८ साली 'स्पेक' ही संस्था स्थापन झाली. तिच्या १९८९ सालच्या पहिल्या संचात दहा आज्ञावली होत्या. त्यांपैकी एकीत ३०० ओळी व ३०० स्तंभ असलेल्या संख्याकोष्टकांचा गुणाकार करावयाचा असे. कंपायलर तयार करणाऱ्यांनी हा गुणाकार लहान लहान तुकड्यांत पाडण्याची युक्ती योजली, आणि त्या एका चाचणीतील गुण कित्येक पटींनी वाढले. वापरणाऱ्याच्या इतर कामांचा वेग मात्र त्या प्रमाणात वाढला नव्हता. १९९२ सालच्या संचातून ही आज्ञावली वगळण्यात आली.

महासंगणकांची गोष्टही विचारात घेण्याजोगी आहे. जगातील पाचशे वेगवान महासंगणकांची यादी १९९३ पासून वर्षातून दोनदा प्रसिद्ध होते. पुण्याच्या सी-डॅक संस्थेतील 'ऐरावत' या महासंगणकास जून २०२३ च्या यादीत ७५ वे स्थान मिळाले. ही क्रमवारी 'लिनपॅक' चाचणीवर आधारलेली असून तीत रेषीय समीकरणांचा एक प्रचंड संच सोडवावा लागतो. हवामानाच्या अंदाजासारख्या कामांशी त्या गणिताचे काही नाते तरी असते. पण पत्रे लिहिणे, चित्रे पाहणे वा ग्रंथसूची शोधणे या कामांची पारख तेवढ्यावरून होणार नाही. कोणतीही चाचणी तिच्यात असलेल्या कामाचेच मोजमाप करते, हा या इतिहासाचा पहिला धडा होय.

एकच यंत्र, निरनिराळी उत्तरे

आता घरगुती वा शालेय संगणकाकडे वळू. त्याच्या वेगात चढउतार होण्याचे पहिले कारण उष्णता हे आहे. आधुनिक प्रोसेसर नेहमी एकाच गतीने चालत नाही. नाममात्र गती सुमारे २ गिगाहर्ट्झ असलेला प्रोसेसर थोडा वेळ ४ गिगाहर्ट्झच्याही वर जाऊ शकतो. परंतु त्यामुळे तो तापतो, आणि तापमान ठराविक मर्यादेस पोहोचताच (पुष्कळ लॅपटॉपमध्ये ही मर्यादा सुमारे १०० अंश सेल्सियस असते) स्वतःच्या रक्षणासाठी तो आपली गती उतरवितो. म्हणजे पहिल्या अर्ध्या मिनिटात दिसलेला वेग दहाव्या मिनिटास टिकेलच असे नाही. खोलीतील हवेचाही यात वाटा असतो. नागपुरातील मे महिन्याची दुपार आणि पुण्यातील जानेवारीची सकाळ या दोन वेळी त्याच संगणकाने निरनिराळे आकडे दिले, तर त्यात नवल नाही.

दुसरे कारण स्मृतीचे. डिस्कवरील धारिका एकदा वाचली की ऑपरेटिंग सिस्टिम तिची प्रत रॅममध्ये राखून ठेवते. रॅममधून माहिती मिळण्यास सेकंदाचा सुमारे एक कोट्यंश भाग पुरतो. घनस्थिती डिस्कला, म्हणजे एसएसडीला, सेकंदाचा दहा हजारावा भाग लागतो. तर फिरत्या तबकड्यांच्या हार्ड डिस्कला शंभरावा भाग लागतो. साहजिकच पहिल्या खेपेस मंद वाटलेली आज्ञावली दुसऱ्या खेपेस चपळ भासते. मधल्या काळात यंत्र सुधारलेले नसते. त्याला वस्तू हाताशी सापडलेली असते, एवढेच.

तिसरे कारण पडद्याआडच्या कामांचे. परीक्षक समोर एकच आज्ञावली चालवीत असला, तरी त्याच वेळी विषाणू-प्रतिबंधक आज्ञावली धारिका तपासते, ऑपरेटिंग सिस्टिम आपल्या सुधारित आवृत्त्या उतरवून घेते आणि धारिकांची सूची तयार होत असते. लॅपटॉप विजेवर चालतो की बॅटरीवर, यानेही गतीत फरक पडतो.

चौथे कारण सर्वांत सूक्ष्म आहे. मिटकोविच व त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी २००९ साली असे दाखवून दिले की, आज्ञावलीच्या एका अक्षरासही हात न लावता तिचा वेग बदलता येतो. यंत्रात नोंदविलेले वापरणाऱ्याचे नाव लांब वा आखूड असले, तर स्मृतीत आज्ञावलीच्या माहितीची जागा थोडी सरकते. आज्ञावलीचे भाग कोणत्या क्रमाने जोडले गेले, यावरूनही मांडणी बदलते. एवढ्या कारणाने पडणारा फरक कधी कधी इतका मोठा असतो की, एखादी सुधारणा हितकारक आहे की हानिकारक, हा निष्कर्षच उलटा होतो. कर्टसिंगर व बर्गर यांनी २०१३ साली स्मृतीतील मांडणी वारंवार यदृच्छेने बदलत मोजणी केली. तेव्हा एका प्रसिद्ध कंपायलरच्या दुसऱ्या व तिसऱ्या पायरीच्या सुधारणांतील वेगाचा फरक योगायोगाहून वेगळा काढता आला नाही.

चाचणीपूर्वीची तयारी

वरील कारणे ध्यानात घेतली म्हणजे चाचणीची पद्धत ओघानेच ठरते. प्रथम संगणक नव्याने सुरू करावा आणि पडद्याआडची कामे शांत होण्यासाठी काही मिनिटे जाऊ द्यावीत. अनावश्यक आज्ञावली बंद कराव्यात. लॅपटॉप वीजजोडणीवर ठेवावा आणि वीज-वापराची योजना सर्व यंत्रांवर एकच निवडावी. चाचणी-कार्य एकदोनदा चालवून ते आकडे सोडून द्यावेत. यामुळे यंत्र नेहमीच्या कामाइतके तापते व आवश्यक माहिती रॅममध्ये येते. अर्थात, संगणक सकाळी सुरू केल्यावर पहिले काम किती वेळात होते हेच जाणावयाचे असेल, तर प्रत्येक मोजणीपूर्वी संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा लागेल. कोणता प्रश्न विचारावयाचा, हे आधी निश्चित असले पाहिजे.

काळ मोजणाऱ्या घड्याळाचाही विचार करावा. विंडोज प्रणालीतील साधे घड्याळ पूर्वापार सेकंदास ६४ ठोके देत आले आहे, म्हणजे दोन ठोक्यांत सुमारे १५.६ मिलिसेकंदांचे अंतर राहते. ५० मिलिसेकंदांचे काम अशा घड्याळाने मोजल्यास जवळजवळ एक-तृतीयांश चूक होण्याचा संभव असतो. याला दोन उपाय आहेत: सूक्ष्म मोजणीचे घड्याळ वापरणे, किंवा तेच काम हजार वेळा करवून एकूण वेळेस हजाराने भागणे.

तुलना करावयाच्या दोन यंत्रांत तपासावयाच्या गोष्टीखेरीज अन्य भेद शक्य तितके कमी असावेत. १६ गिगाबाइट रॅम एकाच पट्टीत बसविली आहे की ८ गिगाबाइटच्या दोन पट्ट्यांत विभागली आहे, एवढ्यानेही प्रोसेसर व रॅम यांमधील माहितीची वाट अरुंद किंवा रुंद होते. म्हणून प्रोसेसर, रॅमचे प्रमाण व पट्ट्या, डिस्कचा प्रकार, ऑपरेटिंग सिस्टिमची व आज्ञावलीची आवृत्ती, वीजजोडणी आणि खोलीचे तापमान या सर्वांची नोंद आकड्यांसोबत ठेवावी. ज्या चाचणीची परिस्थिती नोंदलेली नाही, ती दुसऱ्याला पडताळून पाहता येत नाही.

किती वेळा मोजावे?

एका मोजणीवरून काहीही सिद्ध होत नाही. उदाहरणादाखल अशी कल्पना करावी की, ग्रंथालयाची मोठी सूची वर्णानुक्रमे लावण्याचे काम 'अ' व 'ब' या दोन संगणकांना सात वेळा दिले. 'अ' ला लागलेले सेकंद अनुक्रमे ४१, ३८, ४४, ४०, ३९, ५७, ४० आणि 'ब' ला लागलेले ३९, ४०, ४२, ३९, ४१, ३८, ४०. केवळ दुसरी खेप पाहणारा म्हणेल, 'अ' श्रेष्ठ. केवळ सहावी खेप पाहणारा म्हणेल, 'ब' फारच श्रेष्ठ. सरासरी काढली तर 'अ' ची ४२.७ व 'ब' ची ३९.९ येते, आणि 'अ' सुमारे सात टक्क्यांनी मंद ठरतो. परंतु आकडे चढत्या क्रमाने मांडून मधला आकडा, म्हणजे मध्यक, घेतला तर तो दोहोंच्या बाबतीत ४० च येतो. हा फरक मुख्यतः ५७ या एका आकड्याने निर्माण केला आहे.

तो आकडा गुपचूप गाळणे योग्य नव्हे. त्या खेपेस पडद्याआड कोणते काम चालू होते, याचा शोध घ्यावा. असे अडथळे 'अ' मध्ये पुनःपुन्हा येत असतील, तर तो त्या यंत्राचा दोषच मानला पाहिजे. म्हणून मध्यकाबरोबरच सर्वांत लहान व सर्वांत मोठा आकडाही सांगावा. दोन यंत्रांतील फरक हा एकाच यंत्राच्या स्वतःच्या चढउतारापेक्षा लहान असेल, तर तो फरक सिद्ध झाला असे म्हणू नये. मोजण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. 'अ' च्या साऱ्या खेपा सकाळी आणि 'ब' च्या साऱ्या दुपारी घेण्यापेक्षा दोहोंच्या खेपा आळीपाळीने घ्याव्यात, म्हणजे खोलीतील उष्म्याचा भार दोहोंवर सारखा पडतो. स्पेकच्या २०१७ सालच्या संचाचा नियमही याच सावधगिरीतून आला आहे: तीन खेपा घेतल्यास मध्यक द्यावा, दोनच घेतल्यास त्यांतील मंद खेपेचा आकडा द्यावा.

आकड्यांचे सार

अनेक चाचण्यांचे गुण एका आकड्यात गोळा करताना आणखी एक सापळा असतो. समजा, पहिल्या कामास 'अ' ला १० व 'ब' ला २० सेकंद लागतात. दुसऱ्या कामास 'अ' ला ४० व 'ब' ला २० सेकंद लागतात. 'अ' ला प्रमाण मानल्यास 'ब' ची गुणोत्तरे २ व ०.५ येतात, त्यांची सरासरी १.२५, म्हणजे 'ब' पंचवीस टक्क्यांनी मंद. आता 'ब' ला प्रमाण मानावे. 'अ' ची गुणोत्तरे ०.५ व २ येतात. सरासरी पुन्हा १.२५, म्हणजे 'अ' पंचवीस टक्क्यांनी मंद! एकाच माहितीतून दोन परस्परविरोधी निष्कर्ष निघाले. फ्लेमिंग व वॉलेस यांनी १९८६ साली या दोषाकडे लक्ष वेधले आणि गुणोत्तरांसाठी भूमितीय मध्य वापरावा असे प्रतिपादन केले. येथे तो दोन्ही बाजूंनी १ येतो. तथापि दोन्ही कामे एकेकदाच करावयाची असतील, तर 'अ' ला ५० व 'ब' ला ४० सेकंद लागतात, हेही तितकेच खरे. रोजच्या वापरात कोणते काम किती वेळा येते, हे ठाऊक असणाऱ्यालाच योग्य निवड करता येते.

तात्पर्य

विक्रेत्याच्या जाहिरातीत एखादा उंच स्तंभ दिसला, तर वाचकाने चार प्रश्न विचारावेत. कोणते काम मोजले? कोणत्या परिस्थितीत मोजले? किती वेळा मोजले? आकड्यांत चढउतार किती होता? याची उत्तरे मिळाली नाहीत, तर त्या स्तंभास जाहिरातीहून अधिक किंमत देण्याचे कारण नाही.

शाळेला किंवा ग्रंथालयाला याहून सोपा मार्गही खुला असतो. आपल्या नित्याच्या कामांपैकी तीनचार कामे निवडावीत, विचाराधीन संगणकांवर ती वरील रीतीने करवून पाहावीत आणि सर्व आकडे वहीत लिहावेत. यासाठी एक घड्याळ, एक वही आणि थोडा धीर एवढेच साहित्य लागते. विद्यार्थ्यांना तर हा प्रयोग प्रयोगशाळेतील कोणत्याही प्रयोगाइतकाच उद्‌बोधक ठरेल. लंबकाचा आवर्तनकाल काढताना ते एका आंदोलनावर विसंबत नाहीत. वीस आंदोलने मोजतात, कृती पुनःपुन्हा करतात आणि प्रत्येक निरीक्षण नोंदवितात. प्रयोगशाळेतील तोच नियम संगणकालाही लागू आहे.