अजगर घरी येण्याआधी

‘आम्ही साप पाळलाय’ असं व्हिडिओ कॉलवर सांगितलं की भारतातून ठरलेले तीन प्रश्न येतात. विषारी आहे का? चावतो का? दूध देता का? तिन्हींची उत्तरं सोपी आहेत. बॉल पायथन हा बिनविषारी अजगर आहे. तो सहसा चावत नाही. घाबरला की डोकं आत घेऊन स्वतःचा चेंडू करतो, म्हणून तर त्याचं नाव ‘बॉल’. आणि दूध हे कुठल्याच सापाचं अन्न नाही. अवघड प्रश्न चौथा आहे आणि तो फारसा कुणी विचारत नाही: त्याला ठेवणार कशात?

अमेरिकेत सर्वाधिक पाळल्या जाणाऱ्या सापांपैकी हा एक. अजगर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शेळी गिळणारं धूड येतं. हा तसा नाही. नर साधारण तीन-साडेतीन फुटांचा, मादी चार-पाच फुटांची. स्वभावाने शांत, आवाज नाही, घरभर केस नाहीत. त्यामुळे मुलांच्या हट्टाला आईवडील लवकर ‘हो’ म्हणतात. आमच्या घरीही तसंच झालं. वेटोळं बघून आठ वर्षांच्या लेकीने त्याचं नाव ठेवलं ‘लाडू’.

पण दुकानात किंवा प्रदर्शनात साप आणि पेटी एकाच दिवशी विकत घेऊन, संध्याकाळी साप आत सोडून मोकळं होणं, ही या प्राण्याच्या हालांची सुरुवात असते. कुत्र्याला थंडी वाजली तर तो पांघरुणात शिरतो, मांजर ओरडून घर डोक्यावर घेतं. साप तक्रार करत नाही. त्याला स्वतःची ऊब निर्माण करता येत नाही. भोवताली जी असेल तीच त्याची. पेटीतली चूक आज दिसत नाही. ती काही आठवड्यांनी दिसते: खाणं बंद होतं, कात तुकड्यातुकड्यांनी निघते, नाहीतर श्वास घेताना घरघर ऐकू येते. म्हणून आधी पेटी, मग अजगर. या दोन्हींत किमान आठवड्याचं अंतर हवं.

पेटीचा विचार करताना त्याचं मूळ गाव लक्षात घ्यावं. हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला प्राणी. घाना, टोगो, बेनिन हे त्याचे देश. दिवसाचा बराच वेळ तो उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत काढतो. तिथे अंधार असतो, ऊब असते, दमटपणा असतो आणि अंगाला चारही बाजूंनी काहीतरी टेकलेलं असतं. दिवाणखान्यातल्या चकचकीत काचेच्या पेटीत यातलं काहीच नसतं. आपलं काम एवढंच, की त्या पेटीत बिळाचे गुण आणायचे.

आकारापासून सुरुवात करू. मोठ्या सापासाठी चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच पेटी असावी. सापाला अंग बऱ्यापैकी सरळ ताणता यावं, हा साधा हिशोब. ‘मोठ्या जागेत तो घाबरतो’ असं अजूनही सांगितलं जातं. तो घाबरतो ते उघड्या जागेला. तीच मोठी पेटी फांद्या, झाडाच्या सालीचे तुकडे आणि प्लास्टिकच्या पानांनी भरली की लहान सापही त्यात निवांत फिरतो.

लपायच्या जागा किमान दोन हव्यात, एक उबदार टोकाला आणि एक थंड टोकाला. लपण ऐसपैस नको. वेटोळं घातल्यावर अंग कडांना टेकलं पाहिजे, आणि दार एकच, लहानसं. दोन्ही लपणं शक्यतो सारखी ठेवावीत. एकच असेल तर सापाला सुरक्षितता आणि ऊब यांतून निवड करावी लागते. अशा वेळी तो बहुधा सुरक्षितता निवडतो आणि थंडीत बसून राहतो.

आता तापमान. पेटीचं एक टोक गरम आणि दुसरं थंड ठेवायचं, म्हणजे साप आपल्या गरजेनुसार जागा बदलतो. दिव्याखालची शेकायची जागा 32 ते 34 अंश सेल्सियस, उबदार लपणाच्या आत 30 ते 32, थंड टोक 24 ते 27. रात्री थोडं उतरलं तरी चालतं, पण 22-23 च्या खाली नको. इथली उपकरणं फॅरनहाइट दाखवतात, त्यामुळे हे आकडे रूपांतर करून पेटीवरच चिकटवून ठेवणं सोयीचं पडतं.

ऊब देण्यासाठी वरून हॅलोजनचा दिवा किंवा सिरॅमिक हीटर लावतात. काही जण खालून हीट मॅट लावतात. काहीही लावा, थर्मोस्टॅटशिवाय लावू नका. नुसती मॅट प्लगमध्ये घातली तर ती धोकादायक तापू शकते, आणि पोट भाजत असतानाही साप तिथेच पडून राहिल्याची उदाहरणं पशुवैद्य सांगतात. हॅलोजनसाठी प्रकाश कमी-जास्त करणारा डिमिंग थर्मोस्टॅट घ्यावा. नुसत्या चालू-बंद प्रकाराने दिवा दिवसभर मिचमिचतो. दिव्याला जाळीचा पिंजरा हवाच, कारण साप उबेला जाऊन बिलगतो. रात्रीसाठी लाल किंवा निळा दिवा नको. रात्र म्हणजे पूर्ण अंधार. ऊब लागलीच तर प्रकाश न देणाऱ्या हीटरची.

थर्मोस्टॅट स्वतः काही बघत नाही. त्याचा प्रोब जिथे असेल तिथलं तापमान तो राखतो. प्रोब सरकून पाण्याच्या भांड्यात पडला तर थर्मोस्टॅटला वाटतं थंडी आहे, आणि तो हीटर पेटता ठेवतो. म्हणून प्रोब पक्का बसवायचा आणि दोन्ही टोकांना वेगळे डिजिटल थर्मामीटर लावायचे. काचेला चिकटवायचे काट्याचे स्वस्त मीटर भरवशाचे नसतात. पृष्ठभाग तपासायला इन्फ्रारेड थर्मामीटर उपयोगी पडतो.

आम्ही मिनेसोटात राहतो. इथे जानेवारीत बाहेर उणे 20 आणि घरात चोवीस तास फर्नेस. माणसांचे ओठ फुटतात, तिथे सापाच्या कातीचं काय होणार? फर्नेसच्या घरात आर्द्रता अनेकदा 30 टक्क्यांच्या खाली जाते आणि बॉल पायथनला हवी 60 ते 80 टक्के. दिवसातून चार वेळा पाणी फवारलं की आकडा वर जातो आणि तासाभरात खाली येतो. टिकाऊ उपाय तळाशी आहे. नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे आपल्याकडे कुंड्यांत घालतात ते कोकोपीट, तीन-चार इंच जाड पसरायचं आणि कोपऱ्यांतून पाणी ओतायचं. खालचा थर ओला, वरचा कोरडा राहिला पाहिजे. वरचाच ओला राहिला तर पोटाचे खवले सडतात. सीडर आणि पाइनचा भुसा घालू नये; त्यातल्या उग्र तेलांचा श्वसनाला त्रास होतो. वर जाळी असलेल्या काचेच्या टाकीतून दमटपणा उडून जातो, म्हणून जाळीचा बराचसा भाग झाकावा. दिव्याची जागा मात्र मोकळी ठेवावी. थंड प्रदेशात पीव्हीसीची बंद पेटी जास्त सोयीची.

एवढं झालं की रिकामी पेटी तीन-चार दिवस तशीच चालवायची. सॉफ्टवेअरवाल्यांना हे सांगायला नको. तपासल्याशिवाय आपण साधा कोडसुद्धा लाइव्ह करत नाही. सकाळ, दुपार, रात्र आकडे लिहायचे. ते स्थिर झाले की मगच साप आणायचा. कुलूप विसरू नका. साप हा निसटण्यात पटाईत असतो. सरकत्या काचेला कुलूप आणि झाकणाला पक्के क्लिप हवेत.

घरी आल्यावर पहिला आठवडा त्याला हात लावायचा नाही. मुलांसाठी हा सर्वांत कठीण नियम. पाणी बदलायचं, आकडे बघायचे आणि दूर व्हायचं. आठवड्याने पहिलं जेवण, म्हणजे गोठवलेला मेलेला उंदीर, वितळवून कोमट केलेला. जाडीला सापाच्या सर्वांत जाड भागाएवढा. खाल्ल्यावर दोन दिवस पुन्हा हात लावायचा नाही. शाकाहारी घरात फ्रीजरमधल्या मटारांशेजारी उंदीर चालणार नसतील, तर तो निर्णयही आधीच घ्यायला हवा. आमच्याकडे गॅरेजमध्ये छोटा वेगळा फ्रीजर आहे. सापाला हात लावल्यावर साबणाने हात धुणं सक्तीचं, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. पाच वर्षांखालचं मूल किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेली व्यक्ती घरात असेल, तर असा प्राणी न पाळण्याचा सल्ला इथलं रोगनियंत्रण केंद्र, म्हणजे सीडीसी, देतं. नातवंडांकडे सहा महिने राहायला येणारे आजी-आजोबाही या हिशोबात धरावेत.

हा साप कधीकधी महिनोन्‌महिने उपाशी राहतो, विशेषतः हिवाळ्यात. तेव्हा घाबरण्याआधी पेटीतले आकडे बघायचे आणि सापाचं वजन करायचं. वजन टिकून असेल तर वाट बघावी. ते घसरत असेल, तोंड उघडं ठेवून श्वास चालला असेल किंवा नाकातोंडातून बुडबुडे येत असतील, तर पशुवैद्य गाठावा. प्रत्येक पशुवैद्य साप तपासत नाही, म्हणून तो शोधही आधीच करावा. वीज गेली तर काय, हेही ठरलेलं असावं. आमच्याकडे थर्माकोलची पेटी, कापडी पिशवी आणि हँड वॉर्मर तयार असतात. वॉर्मर पिशवीच्या बाहेर ठेवायचे, अंगाला लागू द्यायचे नाहीत.

हे वाचून पुण्या-नागपुरात कुणाला उत्साह आला तर एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. भारतातला अजगर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. तो पाळणं गुन्हा आहे. बॉल पायथन परदेशी असला तरी तो साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतो आणि 2024 च्या नियमांनुसार असे प्राणी बाळगणाऱ्याला सरकारकडे नोंदणी करावी लागते. अमेरिकेतही सगळीकडे मोकळीक नाही. हवाईमध्ये साप पाळायला बंदी आहे, काही शहरांचे आपले नियम आहेत आणि भाड्याच्या अपार्टमेंटचा करारही नीट वाचावा लागतो.

शेवटचा हिशोब आयुष्याचा. नीट सांभाळला तर बॉल पायथन 20 ते 30 वर्षं जगतो. सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात 1961 पासून असलेल्या एका मादीने 2020 मध्ये, साठी ओलांडल्यावर, अंडी घातली होती. आपला एच-वन-बी एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षांचा. नोकरी गेली तर हातात साठ दिवस. त्या साठ दिवसांत घर, गाडी, मुलांची शाळा यांचं काहीतरी होतं. साप मात्र सामानात भरून मायदेशी नेता येत नाही. घाईत त्याला कुणाच्याही हाती देण्यापेक्षा, आपल्यानंतर त्याला कोण घेईल हे त्या माणसाला विचारून, आणण्याआधीच ठरवावं. आम्ही शेजारच्या गल्लीतल्या एका अनुभवी सर्पपालकाशी बोलून ठेवलंय. त्याचा फोन नंबर पेटीवर, तापमानाच्या आकड्यांखाली लिहिलेला आहे.