सायंकाळचा मजूर

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २० व्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या एका धन्याची कथा आहे. पहाटे लावलेल्या मजुरांशी त्याने दिवसाचा एक दिनार ठरविला होता. अकराव्या तासास, म्हणजे आपल्या सायंकाळी पाचच्या सुमारास आलेल्यांनाही त्याने तेवढेच दिले, तेव्हा पहाटेचे मजूर कुरकुरले. खरे सांगावयाचे, तर आपले मनही प्रथम त्यांचीच बाजू घेते.

परंतु दिनार ही त्या काळी मजुराची एका दिवसाची मजुरी. अर्धा दिनार नेणाऱ्याची मुले अर्धपोटीच निजावयाची. मजुरी सूर्यास्तापूर्वी चुकती करावी, अशी मोशेच्या नियमशास्त्राची आज्ञा आहे, ती याचसाठी. शिवाय हे मजूर आळशी नव्हते. चौकात उभे राहूनही त्यांस कोणी बोलावले नव्हते. आपल्याकडील मजूरनाक्यावर सकाळी पाहावे. धट्टेकट्टे गडी आधी उचलले जातात; म्हातारा, किडकिडा मागे उरतो. त्याच्या घरची चूल मात्र तेवढेच धान्य मागते.

पहाटेच्या मजुरांचे ठरलेले काही बुडाले नव्हते. धन्याने वाटप शेवटच्यापासून आरंभिले, एवढेच. त्यांस आधी दिले असते, तर ते समाधानाने घरी गेले असते.