मनाची चंगाई: गैरसमज आणि वस्तुस्थिती

सडक अर्जुनीसारख्या तालुक्याच्या गावात मन दुखलं म्हणून कोणी लगेच दवाखाना गाठत नाही. आधी घरातलं वडीलधारं माणूस, मग मांत्रिक; घर ख्रिस्ती असेल तर पाळक किंवा फादर. गोंदिया जिल्ह्यात ख्रिस्ती घरं थोडी, आणि मानसोपचारतज्ज्ञ तर शोधावेच लागतात. त्यामुळे पाळकाकडून होणाऱ्या ‘चंगाई’बद्दल, म्हणजे प्रार्थनेने बरं करण्याबद्दल, घरात आणि घराबाहेर बरंच काही बोललं जातं. चंगाई म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो मांडव, लाउडस्पीकर आणि गर्दी. इथे दुखऱ्या आठवणींसाठीच्या ज्या प्रार्थनेबद्दल बोलायचं आहे तिला दोन खुर्च्या पुरतात.

ही प्रार्थना चालते कशी? प्रार्थना घेणारा समुपदेशक, मग तो पाळक असो वा दुसरं कोणी, आधी विचारतो, आज कोणती आठवण घ्यायची, आणि घ्यायची आहे का. पाय जमिनीला टेकलेले, डोळे मिटलेले, श्वास संथ. मग ती जागा आठवायची: शाळेचा वर्ग असेल, धानाचा बांध असेल. त्या आठवणीत तुमचं वय किती? काय ऐकू येतंय? मग प्रश्न येतो, प्रभू येशूला इथे येऊ द्यावंसं वाटतं का? तो आला, तर कुठे उभा राहिला, काय म्हणाला, हे समोरच्या व्यक्तीनेच सांगायचं. समुपदेशकाने त्या वेळी गप्प बसायचं. या कामातली निम्मी विद्या त्या गप्प बसण्यात आहे. शेवटी डोळे उघडून खोलीतल्या चार वस्तूंची नावं घ्यायला सांगतात, म्हणजे मन पुन्हा आजच्या दिवसात येतं.

‘हे संमोहनच आहे’ किंवा ‘अंगात येण्याचाच प्रकार’ असं म्हणणाऱ्यांना उत्तर वरच्या वर्णनातच मिळेल. माणूस जागा असतो, ‘पुरे’ म्हणू शकतो, नंतर सगळं त्याला आठवतं. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तो प्रकार वेगळा, हा वेगळा. दोन्हींची सरमिसळ कोणी पाळकच करत असेल, तर तिथून उठून यावं.

दुसरा आक्षेप देवळाकडूनही येतो आणि चर्चकडूनही. एक म्हणतो हे परदेशी खूळ, दुसरा म्हणतो हे हिंदू ध्यान, ख्रिस्ती नव्हेच. मानसपूजा ठाऊक असलेल्या महाराष्ट्राला मनात मूर्ती उभी करणं नवं नाही. ख्रिस्ती परंपरेत संत इग्नेशियस लोयोला यांची ‘आध्यात्मिक साधना’ 1548 मध्ये पोपनी मान्य केली. बायबलमधला प्रसंग डोळ्यांपुढे आणून त्यात स्वतः उभं राहायचं, ही तिची रीत. तीच रीत मानसशास्त्राशी जोडली ती मुंबईत 1931 मध्ये जन्मलेल्या फादर अँथनी डिमेलो यांनी. पुण्यात त्यांनी साधना संस्था सुरू केली, ती पुढे लोणावळ्याला गेली. ‘साधना’ हे त्यांचं पुस्तक 1978 चं. 1998 मध्ये व्हॅटिकनने त्यांच्या काही मतांवर आक्षेप घेतला, तो देव आणि ख्रिस्त यांच्याविषयीच्या मांडणीवर. सुरुवातीची पुस्तकं ख्रिस्ती अध्यात्माच्या चौकटीत आहेत, असं त्याच निवेदनात म्हटलं आहे. हे वाक्य वाचायचे कष्ट टीकाकार क्वचितच घेतात.

आता सर्वांत घातक गैरसमज: ‘प्रार्थनेत दिसलं, म्हणजे ते घडलंच होतं.’

असं नसतं. मानसशास्त्राच्या अभ्यासक एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांनी 1995 मध्ये 24 जणांना त्यांच्या लहानपणच्या चार घटना वाचायला दिल्या. तीन घरच्यांनी सांगितलेल्या खऱ्या, चौथी रचलेली: बाजारसंकुलात हरवल्याची. सुमारे एक चतुर्थांश लोकांना ती खोटी घटना पूर्ण किंवा अर्धवट ‘आठवली’. पुढच्याच वर्षीच्या एका अभ्यासात दिसलं की एखादा प्रसंग नुसता कल्पून पाहिला तरी तो घडला असावा ही खात्री वाढते. म्हणून ‘तुमच्या काकांनी तेव्हा काही केलं का, प्रभूला विचारा’ हा प्रश्न समुपदेशकाच्या तोंडी येता कामा नये. त्या एका प्रश्नावर घर मोडू शकतं. डोळ्यांपुढे आलेलं चित्र आधार देऊ शकतं. पुरावा म्हणून त्याची किंमत शून्य. याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. लहान मुलाने आपणहून लैंगिक अत्याचार सांगितला, तर प्रार्थना करत बसायचं नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, पाळकालाही.

मग चित्राने साधतं काय? घटना बदलत नाही, तिच्याशी चिकटलेली भीती आणि लाज सैल होते. मानसोपचारात धर्माचा संबंध न ठेवताही हे करतात: जुन्या प्रसंगात मोठेपणीचा मी शिरतो आणि त्या लहान मुलाला बाहेर काढतो. बालपणीच्या आघातांवर नेदरलँड्स, जर्मनी आणि ऑस्ट्रेलियात 155 रुग्णांवर झालेल्या 2020 च्या चाचणीत ही पद्धत उपयोगी ठरली.

प्रार्थनेत कुणाला काहीच दिसत नाही आणि मग ‘माझा विश्वास कमी’ म्हणून ती व्यक्ती रडते. काही माणसांच्या मनात चित्रं उमटतच नाहीत. 2015 मध्ये या अवस्थेला ‘अफँटेशिया’ हे नाव मिळालं. विश्वासाशी याचा काडीचा संबंध नाही. अशांनी शब्दांनी प्रार्थना करावी.

‘प्रार्थना झाली, आता डॉक्टरांच्या गोळ्या बंद’ असं कधीच करू नये. ज्यांना आवाज ऐकू येतात, भास होतात, त्यांच्यासोबत ही चित्रांची प्रार्थना करूच नये. जीव द्यावासा वाटत असेल तर आधी डॉक्टर, मग बाकी सगळं.

डॉक्टर आपल्या धर्माचा हवा, हाही हट्ट नको. मानसशास्त्रज्ञ रेबेका प्रॉप्स्ट यांनी 1992 मध्ये नैराश्य असलेल्या 59 धार्मिक रुग्णांवर अभ्यास केला. ख्रिस्ती विचार आणि प्रतिमा वापरून केलेल्या उपचाराचा सर्वाधिक गुण आला तो स्वतः धार्मिक नसलेल्या समुपदेशकांच्या हातून. तेव्हा सडक अर्जुनीहून टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीत बोलताना ‘मी प्रार्थनाही करते’ हे खुशाल सांगावं. आणि पाळकाला सांगावं, गोळ्या चालू आहेत.