लॉ सी.ई.टी. : गुण कोठे जातात?

कापड दुकानदाराने वकिलीच्या परीक्षेवर लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण उधारीच्या धंद्यात चेक परत आला की कलम 138 ची नोटीस द्यावी लागते आणि तेव्हा वकिलाची किंमत कळते. त्यामुळे बारावीनंतर भाचीने वकील व्हायचे म्हटले तेव्हा आमच्या शिरूर कासारच्या घरात कोणी हरकत घेतली नाही. अडचण निघाली ती गुणांची. दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकलेली, हुशार मुलगी. पण घरी घड्याळ लावून सोडवलेल्या पहिल्या सराव पेपरात 120 पैकी 51.

आधी परीक्षा समजून घ्या. राज्यातील विधी महाविद्यालयांत प्रवेशासाठी 2016 पासून राज्य सी.ई.टी. कक्ष ही परीक्षा घेतो. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या आणि पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाची परीक्षा वेगवेगळी असते. पूर्वी 150 प्रश्न असत. 2025 च्या परीक्षेत 120 प्रश्न आणि वेळ दोन तास, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. पाच वर्षांच्या परीक्षेत कायदेविषयक कल 32, तर्क 32, सामान्यज्ञान 24, इंग्रजी 24 आणि गणित 8 अशी वाटणी होती. तीन वर्षांच्या परीक्षेत गणित नाही, पण इंग्रजीला एकटीला 40 गुण. इंग्रजी शेवटच्या महिन्यात पाहू, असे म्हणणाऱ्या पदवीधरांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

पेपर मराठी व इंग्रजीत असतो, उर्दूत नाही. भाचीने मराठी निवडली, कारण बाजारात, शेजारीपाजारी आपण मराठीच बोलतो. येथेच फसगत झाली. आम्ही तिला दुकानातली एक कोरी वही दिली आणि चुकलेला प्रत्येक प्रश्न त्यात उतरवायला सांगितला. समोर कारण लिहायचे : माहिती नव्हती, घाई झाली, की प्रश्नच कळला नाही. तीन पेपरांनंतर हिशेब केला तर निम्म्याहून जास्त चुका तिसऱ्या खात्यात! कायदा, वकील, अर्ज, जामीन, फिर्याद, मुदत हे शब्द उर्दूवाल्यांच्या घरचेच आहेत. पण पेपरात अपकृत्य, प्रतिफल, अधिकारिता असे शब्द येतात, ते बाजारात कोणी बोलत नाही. मग तिने रोज दहा शब्द घेतले. एका रकान्यात मराठी, दुसऱ्यात इंग्रजी, तिसऱ्यात उर्दू अर्थ. गुण वाढले ते प्रथम या वहीमुळे. जाडजूड पुस्तकांचा नंबर नंतर लागला.

कायदेविषयक प्रश्नांत एक नियम देतात, मग एक प्रसंग सांगतात आणि निर्णय विचारतात. समजा नियम असा आहे की, अज्ञान व्यक्तीशी केलेला करार निरर्थक असतो. प्रसंग असा की, सोळा वर्षांच्या मुलाने उधारीवर कापड नेले आणि आता पैसे देत नाही. दुकानदार त्या कराराच्या आधारे वसुली करू शकेल काय? भाचीने लिहिले, करू शकेल. माल नेला तर पैसे द्यायलाच पाहिजेत. दुकानात वाढलेली मुलगी, दुसरे काय लिहिणार! मी तरी वेगळे लिहिले नसते. पण उत्तर "नाही" असे आहे. दिलेला नियम प्रसंगाला लावायचा, आपला न्याय घरी ठेवायचा. अज्ञान व्यक्तीच्या कराराबाबत प्रिव्ही कौन्सिलने 1903 साली मोहोरी बीबी खटल्यात हेच ठरवले होते. ही सवय लागायला तिला महिना गेला. रोज असे पंधरा प्रश्न, आणि प्रत्येकात नियमातील कोणता शब्द लागू पडला त्याखाली पेन्सिलीने रेघ.

जुनी गाईडे स्वस्त मिळतात म्हणून घेऊ नका. 1860 च्या दंड संहितेच्या जागी 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. खुनाच्या शिक्षेचे कलम 302 होते, ते आता 103 आहे. फसवणुकीचे 420 आता 318 मध्ये गेले. फौजदारी प्रक्रिया व पुरावा यांचे कायदेही त्याच दिवशी बदलले. आम्हीही एक गाईड निम्म्या किमतीत आणले होते. ते शेवटी दुकानात पुड्या बांधायला गेले. संविधानाचे मात्र अनुच्छेद 14, 19, 21, 32 आणि 226 नीट करावेत. सामान्यज्ञानासाठी रोज एक मराठी वर्तमानपत्र आणि आठवड्याला एक पान टिपणे, यापेक्षा जास्त वेळ देऊ नये.

या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. आमची मुलगी सुरुवातीला खात्री नसलेले वीस-बावीस प्रश्न सोडून देत असे, ते निव्वळ नुकसान होते. शेवटची दहा मिनिटे राखून उरलेल्या सर्व प्रश्नांवर खूण करायचीच. छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात जायचे असेल तर गोष्ट वेगळी. तेथे क्लॅट ही दुसरी परीक्षा लागते, ती फक्त इंग्रजीत असते आणि चुकीला पाव गुण कापला जातो. दोन्ही परीक्षा देणाऱ्याने ही सवय एकीतून दुसरीत नेऊ नये.

परीक्षा संगणकावर असते, कागदावर नाही. घरात संगणक नसेल तर शेवटच्या महिन्यात निदान पाच-सहा पेपर एखाद्या संगणक वर्गात बसून सोडवावेत. माऊस धरण्यात आणि पडद्यावर लांब उतारा वाचण्यात वेळ जातो, हे आम्हाला उशिरा कळले. भाचीचा परीक्षेआधीचा शेवटचा सराव 84 वर गेला होता. त्याच्या आधीचा, संगणकावर पहिल्यांदा दिलेला, 67 वर अडकला होता.