धूर थंड करणारा कूलर घेताना



पिकअपच्या कूलंटच्या बाटलीतली पातळी दर आठवड्याला बोटभर खाली जाते. गाडीखाली वाकून पाहावे तर जमिनीवर थेंब नाही. पाईप कोरडे, रेडिएटर कोरडा. मग पाणी जाते कुठे? मेस्त्री सांगतो, "हेड गॅस्केट गेलंय, हेड काढावं लागेल." असेलही तसे. पण अलीकडच्या डिझेल गाड्यांत पाणी गुपचूप पिणारी आणखी एक जागा असते. तिचे नाव ईजीआर कूलर. हा भाग बदलण्याची वेळ आली की बाजारात एकाच आकाराचे तीन-चार डबे समोर ठेवले जातात आणि किमतीत दुपटी-तिपटीचा फरक असतो. त्यातला कोणता घ्यावा, हे आज पाहू. नुसता डब्याचा प्रश्न असता तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. हा डबा चुकला तर इंजिन जाऊ शकते, आणि पिकअपचे हप्ते फिटायचे असतात तेव्हा इंजिन गेलेले कोणत्याच घराला परवडत नाही.

बंबासारखाच, पण पातळ नळ्यांचा

हवेत सुमारे ७८ टक्के नत्र असतो. पिकाला लागतो तोच हा नत्र. इंजिनात ज्वलन फार तापले की त्याचा प्राणवायूशी संयोग होऊन छातीला अपायकारक असे वायू तयार होतात. ते कमी व्हावेत म्हणून सायलेन्सरकडे निघालेल्या धुराचा काही भाग परत इंजिनात सोडतात. या धुरात प्राणवायू कमी असतो, त्यामुळे ज्वलनाचा कडाका उतरतो. पण भरल्या गाडीचा हा धूर ४०० ते ६०० अंश सेल्सिअस इतका तापलेला असतो. तो तसाच आत घेऊन चालत नाही, आधी गार करावा लागतो. हेच काम ईजीआर कूलरचे.

जुन्या घरांतला आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब आठवा. मधल्या नळीत विस्तव आणि भोवती पाणी. कूलरची रचना तशीच असते. फरक एवढाच, की इथे एका नळीऐवजी अनेक चपट्या किंवा गोल नळ्या असतात, त्यांतून धूर जातो आणि भोवतीने इंजिनचे कूलंट फिरते. नळीची भिंत अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, कधी त्याहूनही पातळ. एका अंगाला पाचशे अंशांचा धूर, दुसऱ्या अंगाला नव्वद अंशांचे पाणी. बंबाची नळी भोक पडून गळू लागली तर फार तर विस्तव विझतो. इथे कूलंट धुराबरोबर थेट सिलिंडरमध्ये जाते.

देशभर भारत स्टेज सहाचे नियम १ एप्रिल २०२० पासून लागू झाले आणि त्यानंतरच्या बहुतेक डिझेल गाड्यांत हा भाग आहे. त्याआधीच्याही कित्येक गाड्यांत होता. पन्नास अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम चारचे नियम लागले, त्यामुळे त्यांतल्या बऱ्याच इंजिनांत तो आला. तुमचा ट्रॅक्टर ४० अश्वशक्तीचा असेल तर हे दुखणे बहुधा तुमच्या वाट्याला नाही.

फुटला आहे की तुंबला आहे?

दुकानात जाण्यापूर्वी एवढे नक्की करून घ्या. कूलरची दोन दुखणी असतात आणि दोन्हींवर एकच औषध नाही.

गाडी तासन् तास उभ्या उभ्या चालू ठेवली, किंवा मळा ते गाव एवढ्याच फेऱ्या केल्या, की इंजिन नीट तापत नाही आणि नळ्यांत काजळी बसते. ओढ कमी होते, काळा धूर येतो, समोरच्या फळीवर इंजिनचा दिवा लागतो. पण पाणी कमी होत नाही. असा तुंबलेला कूलर पुष्कळदा काढून साफ करता येतो. नवा घेण्याची घाई नको.

फुटलेल्याची लक्षणे वेगळी. पाणी कमी होते, सकाळी गाडी चालू करताना अडखळते, पांढरा धूर येतो आणि त्याला गोडसर वास असतो. यावर थांबू नका. रात्रभर झिरपलेले कूलंट सिलिंडरमध्ये साचले आणि सकाळी स्टार्टर मारला, तर दट्ट्या त्यावर आपटतो. पाणी काही हवेसारखे दाबले जात नाही. मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड. २०१८ साली दक्षिण कोरियात बीएमडब्ल्यू कंपनीच्या डिझेल मोटारींना आगी लागल्या. तपासात दोष निघाला तो याच कूलरचा. गळलेले कूलंट काजळीत मिसळून साचत होते आणि ते पेट घेत होते. कंपनीला त्या वर्षी जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांची दुरुस्ती जाहीर करावी लागली. एवढ्या मोठ्या कारखान्याचा मूळ भाग दगा देतो, तर रस्त्यावरचा डबा किती पारखून घ्यावा!

हेड काढण्याआधी मेस्त्रीला कूलर सोडवून त्याची दाबाची चाचणी करायला सांगा. काम तासा-दोन तासांचे असते, आणि त्यात हेडचा खर्च वाचला तर वाचला. इंजिन ऑइल दुधासारखे पांढरे झाले असेल तर मात्र दोष बहुधा दुसरीकडे आहे.

दुकानाच्या फळीपुढे

गाडी वॉरंटीत असेल तर पुढचे वाचू नका, आधी कंपनीच्या केंद्रात जा. वॉरंटी संपली असेल तर जुन्या कूलरवरचा पार्ट नंबर आणि गाडीचा इंजिन नंबर कागदावर लिहून न्या. "अमक्या पिकअपचा द्या" एवढ्यावर माल घेऊ नये. एकाच नावाच्या गाडीत दोन सालांत दोन वेगळे कूलर असू शकतात. नंबरातले शेवटचे एक अक्षर बदलले तरी आत काहीतरी बदललेले असते. दुकानदार म्हणेल, "बसतो, सगळ्यांना हाच देतो." बसतो हे खरे, पण बसणे वेगळे आणि धूर गार करणे वेगळे. बोल्टची भोके जुळवणे सर्वांत सोपे असते. नक्कल करणारा बाहेरचा आकार हुबेहूब करतो आणि पैसा वाचवतो तो आत, जिथे गिऱ्हाइकाची नजर जात नाही.

म्हणून नजर आत घाला. धुराच्या तोंडातून बॅटरी मारून जुन्यातल्या आणि नव्यातल्या नळ्या मोजा. जुन्यात नळ्यांना पीळ किंवा नागमोड असेल आणि नव्यात त्या सरळ गुळगुळीत असतील, तर नवा कूलर तेवढी उष्णता काढणार नाही. पीळ दिल्याने धूर घुसळतो आणि भिंतीला घासून जातो. त्यासाठीच तो दिलेला असतो. नळ्या जास्त म्हणजे चांगले, असेही समजू नये. फार दाट जाळी काजळीने लवकर तुंबते. मूळ भागाशी जुळणे, हीच कसोटी धरा. जमल्यास दोन्ही डबे भाजीच्या तराजूवर ठेवा. जुना आधी साफ करून घ्या, नाहीतर काजळीचेही वजन भरेल. नवा बराच हलका भरला तर त्याचे कारण विचारा.

धातूविषयी थोडे अधिक सांगतो. नळ्या चांगल्या स्टेनलेस स्टीलच्या हव्यात. धुरातली वाफ गार होताना तिच्यात आम्ल तयार होते आणि साधे पोलाद ते खाऊन टाकते. ३०४ क्रमांकाच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. ३१६ मध्ये त्यावर दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम घातलेले असते, म्हणून आम्लापुढे ते अधिक टिकते. विक्रेत्याला सरळ विचारा, नळ्या कोणत्या क्रमांकाच्या? काहीजण लोहचुंबक लावून दाखवतात. ३०४ आणि ३१६ ला चुंबक जवळजवळ लागत नाही, हे खरे आहे. पण २०१ नावाच्या स्वस्त स्टीललाही तो लागत नाही. शिवाय मूळ कंपनीच्या कूलरच्या जाड कडेला चुंबक लागला तरी दोष मानू नये, कडेचे लोखंड वेगळे असू शकते. तेव्हा चुंबकाने फार तर वाईट माल बाजूला निघतो, चांगला ठरत नाही. नळ्यांचे सांधे कशाने जोडले, हेही विचारा. निकेलच्या झाळणीचे सांधे या आम्लात तांब्याच्या झाळणीपेक्षा जास्त टिकतात. सांध्यांवर पिवळसर-लाल झाक दिसली तर ते तांबे असण्याचा संभव आहे.

खोक्यावर आयएसओ ९००१ किंवा आयएटीएफ १६९४९ छापलेले असते. हे शिक्के कारखान्याच्या कामाच्या पद्धतीला मिळतात, त्या एकेका डब्याला नव्हे. आणि छापायला शाईच लागते. त्यापेक्षा एक प्रश्न मोलाचा : प्रत्येक नग गळतीसाठी तपासता का, आणि किती दाबावर? इंजिनच्या पाण्याचा दाब साधारण एक बार असतो. तपासणी त्याहून बऱ्याच वरच्या दाबावर झालेली हवी. उत्तर देताना विक्रेता चाचरला, तर माझ्या मते तो माल तिथेच ठेवावा.

दुकानाच्या तपासणीवरही विसंबू नका. पाण्याचे एक तोंड बंद करून दुसऱ्यातून दोन बार हवा भरायची, म्हणजे पंक्चरवाल्याच्या काट्यावर सुमारे २९ पौंड, आणि डबा गरम पाण्याच्या टपात बुडवून दहा मिनिटे बुडबुडे पाहायचे. गरम पाण्यात बारीक चीर उघडते, म्हणून ते गरम हवे. हवा काट्यावर पाहूनच भरा. कॉम्प्रेसर पुरा सोडला तर चांगला डबाही फुगेल आणि जवळच्यांना इजा होईल. जोडाचे तोंड जाड सपाट काचेवर ठेवून डुगडुगते का पाहा. डुगडुगणारे तोंड बोल्ट आवळून सरळ होत नाही, गॅस्केट जळते. गॅस्केट नवेच घाला, आणि पक्के बिल पार्ट नंबर लिहून घ्या.

पहिला का गेला?

एवढे पारखून आणलेला कूलरही सहा महिन्यांत जाऊ शकतो, जर पहिला ज्या कारणाने गेला ते तसेच राहिले तर. आपल्याकडे नेहमीचे कारण म्हणजे बोअरचे पाणी. वाटेत पाणी कमी झाले, हापशाची बादली ओतली. त्यातले क्षार नळ्यांवर पापुद्रा धरतात, चहाच्या किटलीत धरतात तसे. पापुद्र्याखाली नळी थंड होत नाही, तापते, आकसते, पुन्हा तापते, आणि एक दिवस आंबा घाट चढताना चिरते. नवा कूलर बसवण्याआधी सगळी यंत्रणा धुऊन घ्या. गाडीच्या पुस्तकात सांगितलेलेच कूलंट, क्षार काढलेल्या पाण्यात सांगितलेल्या प्रमाणात मिसळून भरा. हिरवा किंवा लाल रंग पाहून कूलंट ओळखू नका, रंग कारखानदार आपल्या मर्जीने देतो. भरताना आत अडकलेली हवा मेस्त्रीकडून काढून घ्या. कूलरमध्ये हवेचा गोळा राहिला तर नळी तिथे कोरडीच तापते.

"कशाला नवा घेता, पत्रा मारून बंद करून टाकू," असा सल्लाही मिळेल. भारत स्टेज सहाच्या गाडीचा संगणक ते लगेच ओळखतो, दिवा लावतो आणि इंजिनची ताकदही उतरवू शकतो. शिवाय ते कायद्यात बसत नाही.

बसवल्यानंतर महिनाभर रोज सकाळी, इंजिन थंड असताना, बाटलीवरच्या खुणेकडे पाहा. हे काम घरातले कोणीही करू शकते. तापलेल्या इंजिनचे झाकण मात्र कोणीही उघडू नये. आणि काढलेले जुने कूलंट अंगणात किंवा गोठ्याजवळ ओतू नका. ते चवीला गोड असते आणि विषारी असते. वासरू, कुत्रे किंवा रांगते मूल त्याला तोंड लावू शकते. ते झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजलाच परत द्या.