ओठ गोल करा आणि बंगाली बोला

एक आरसा घ्या. त्यात बघत ‘अ’ म्हणा. ओठ कसे दिसले? सैल आणि सपाट. आता शिट्टी वाजवताना करता तसे ओठ थोडे गोल करा आणि पुन्हा तोच ‘अ’ म्हणा. ‘बॉल’मधल्या ‘ऑ’सारखं काहीतरी आलं ना? शाबास! बंगाली भाषेच्या घराचा उंबरठा तुम्ही ओलांडलात.

बंगाली माणसाच्या तोंडात ‘अ’ असा गोल होतो. म्हणून आपलं ‘घर’ तिकडे ‘घॉर’ आणि ‘जल’ तिकडे ‘जॉल’. लिहायचं तेच, ओठ मात्र वेगळे.

पण थांबा, खरी गंमत पुढेच आहे. ‘तो करतो’ याला बंगालीत म्हणतात ‘कॉरे’ आणि ‘मी करतो’ याला ‘कोरि’. क तोच, त्याच्यातला अ तोच, मग एकदा ‘कॉ’ आणि एकदा ‘को’ का? उत्तर तुमच्या जिभेपाशी आहे. ‘इ’ म्हणून बघा. जीभ टाळूकडे वर चढते की नाही? ‘कोरि’ म्हणताना पुढे ‘इ’ येणार हे जिभेला आधीच ठाऊक असतं, म्हणून ती ‘क’पासूनच वर सरकायला लागते आणि ‘ऑ’चा ‘ओ’ होऊन जातो. पुढे ‘उ’ असला तरी हेच. बंगाली मुलांना हा नियम कुणी शिकवत नाही. शाळेत जायच्या आधीच त्यांची जीभ तो शिकलेली असते!

बंगालीत ‘व’चाही ‘ब’ होतो. विमान झालं ‘बिमान’, विवेक झाला ‘बिबेक’. मग आता हे दोन्ही नियम एकत्र लावा आणि सांगा, ‘कवी’ या शब्दाचं काय होईल? अगदी बरोबर, ‘कोबि’! रवींद्रनाथ टागोर हे बंगालचे सगळ्यांत मोठे कोबि. आणि भाजीतला कोबी? तो तिकडे ‘बाँधाकोपि’.

आता ‘स’कडे वळू. बंगाली तोंडात ‘सात’चा ‘शात’ होतो आणि सोन्याचं ‘शोना’. हे काही आजचं नाही. दीड-दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याकडच्या प्रदेशात महाराष्ट्री प्राकृत होती आणि पूर्वेकडे मगधात मागधी प्राकृत. महाराष्ट्रीत सगळे ‘श’ ‘स’ झाले, मागधीत सगळे ‘स’ ‘श’ झाले. महाराष्ट्रीच्या वंशात मराठी आली, मागधीच्या वंशात बंगाली. ‘मृच्छकटिक’ या जुन्या संस्कृत नाटकात राजाचा एक मेहुणा आहे, तो मागधीच्याच एका बोलीत बोलतो आणि जिथे तिथे ‘श’ म्हणतो. त्याचं नावच मुळी शकार! म्हणजे आज कोलकात्यात कुणी ‘शात’ म्हणालं, तर त्या ‘श’चं वय दीड हजार वर्षांहून जास्त आहे. वाड्यातल्या एखाद्या भिंतीचं एवढं वय कळलं असतं, तर आपण तिच्यावर हळूच हात फिरवला असता.

‘तो खातो’ आणि ‘ती खाते’ हा फरक बंगालीत नाहीच. मुलगा असो की मुलगी, दोघांनाही ‘शे खाय’. आणि तिथे पाणीही खातात, चहाही खातात! म्हणजे पितात आपल्यासारखंच, पण म्हणताना ‘जॉल खाय’, ‘चा खाय’.

मला स्वतःला सगळ्यांत आवडतात ते बंगालीतले रंग. आपण म्हणतो लालचुटूक, पांढराशुभ्र, काळाकुट्ट. रंग आधी आणि त्याची शेपटी मागून. बंगालीत शेपटी पुढे येते. ‘टुकटुके लाल’, ‘धॉबधॉबे शादा’, ‘कुचकुचे कालो’. मोठ्याने म्हणून बघा. ‘कुचकुचे’चा अर्थ सांगायला लागतच नाही, काळा रंग डोळ्यांसमोर उभा राहतो. अशा नादाच्या शब्दांचं रवींद्रनाथांना इतकं वेड होतं, की त्यांनी ते गोळा करून त्यांच्यावर एक मोठा लेखच लिहिला.

ज्या भाषेला नादाचं एवढं वेड, तिथे मुलांसाठी लिहिणाऱ्यांची चैनच. १९१३ साली उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी मुलांसाठी एक मासिक काढलं. नाव ‘संदेश’. बंगालीत संदेश म्हणजे निरोप आणि संदेश म्हणजे छान्याची, म्हणजे फाडलेल्या दुधाच्या पनीरची, मिठाईसुद्धा! त्यांचा मुलगा सुकुमार राय हा तर शब्दांचा जादूगार. हाँश म्हणजे बदक, शॉजारु म्हणजे साळिंदर. सुकुमारांनी दोघांना चिकटवून ‘हाँशजारु’ नावाचा प्राणी तयार केला आणि त्याचं चित्रही काढलं. अशा कवितांचं त्यांचं पुस्तक म्हणजे ‘आबोल ताबोल’. ते १९२३च्या सप्टेंबरात छापून आलं, पण त्याच्या ९ दिवस आधीच सुकुमार आजारपणात गेले. वय होतं अवघं ३५. त्यांचा मुलगा तेव्हा दोन वर्षांचा होता. पुढे तोच जगप्रसिद्ध चित्रपट दिग्दर्शक सत्यजित राय झाला, आणि आजोबांचं बंद पडलेलं ‘संदेश’ त्याने १९६१ साली पुन्हा सुरू केलं.

आता एक गोष्ट सांगायची आहे. ती हसण्याची नाही, पण तुम्हाला ठाऊक असायलाच हवी. आज जो बांगलादेश आहे, तो १९५२ साली पाकिस्तानचा भाग होता. तिथे बहुतेक सगळे बंगाली बोलत, तरी सरकारचा हट्ट होता, की देशाची राजभाषा एकटी उर्दूच. २१ फेब्रुवारीला ढाक्यातले विद्यार्थी रस्त्यावर उतरले. पोलिसांनी गोळीबार केला. रफिक, बरकत, जब्बार, सलाम ही त्यात गेलेल्यांची नावं बांगलादेशातल्या प्रत्येक मुलाला पाठ असतात. अखेर १९५६ साली बंगालीला राजभाषेचा मान मिळाला. आसाममधल्या सिलचर गावीही १९ मे १९६१ रोजी बंगालीसाठी ११ जणांनी जीव गमावला. त्यात १६ वर्षांची कमला भट्टाचार्य होती, नुकतीच मॅट्रिकची परीक्षा दिलेली.

ढाक्यात आजही २१ फेब्रुवारीला लोक पहाटे अनवाणी चालत शहीद मिनारपाशी जातात आणि फुलं वाहतात. युनेस्कोने १९९९ साली हाच दिवस आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन म्हणून जाहीर केला. म्हणजे तो तुमच्या-माझ्या मराठीचाही दिवस आहे.

आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी भारत सरकारने ज्या भाषांना अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्यात मराठी आणि बंगाली दोघीही होत्या.

तुमच्या वर्गात किंवा सोसायटीत कुणी बंगाली मुलगा किंवा मुलगी असेल, तर आज त्यांच्याकडे जा. ओठ गोल करून ‘कुचकुचे कालो’ म्हणून दाखवा, आणि त्यांना ‘काळाकुट्ट’ म्हणायला शिकवा. आपला ‘ळ’ त्यांच्या भाषेत नाही, तेव्हा घाई करू नका. जमेपर्यंत थांबा.